दर जानेवारीत फुगणारे वीजबिल: दोष नेमका कुठे शोधावा

नाशिकमध्ये डिसेंबर उजाडला की निफाडचा पारा किती खाली घसरला याच्या बातम्या सुरू होतात आणि त्यानंतर महिन्याभरात आमच्या घरी एक कागद येतो, जो पाहून घरातील प्रत्येक जण दुसऱ्याने कोणता दिवा चालू ठेवला होता याची आठवण काढू लागतो. आम्ही चौघे आहोत, घर दोन खोल्यांचे आहे, वातानुकूलन यंत्र नाही आणि हिवाळ्यात पंखेही बंद असतात. तरीही पहिल्या वर्षी नोव्हेंबरचा वापर २२४ युनिट असताना जानेवारीचा ३७१ झाला. त्यावर उपाय म्हणून जुन्या ट्यूबलाइट काढून एलईडी बसवले. पुढच्या वर्षी हेच आकडे २०३ आणि ३५७ आले. मग बारा वर्षांचा फ्रीज बदलला, आणि तिसऱ्या वर्षी ते १६८ आणि ३१९ झाले.

हे आकडे एकाखाली एक लिहिल्यावर जी गोष्ट दिसली, ती दोन वर्षे आधी दिसायला हवी होती. खरेदीमुळे वर्षभराचा वापर कमी होत गेला, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र नोव्हेंबर आणि जानेवारी यांतील फरक अनुक्रमे १४७, १५४ आणि १५१ युनिट असा जागचा हललाच नाही. 'बिल जास्त का येते' आणि 'बिल जानेवारीतच का वाढते' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आम्ही दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचे उत्तर देत बसलो होतो. ज्यांच्याकडे हाच प्रकार दरवर्षी होतो त्यांनी नवीन काहीही विकत घेण्यापूर्वी पुढील क्रमाने शोध घ्यावा, असे मी सुचवेन.

आधी बिल नीट वाचावे

रुपयांची तुलना करू नये, युनिटची करावी, कारण दर आणि इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चानुसार कमी-जास्त होणारी आकारणी) मधल्या काळात बदललेले असू शकतात आणि त्या बदलाचा तुमच्या वापराशी काही संबंध नसतो. दुसरे म्हणजे मागील आणि चालू रीडिंगच्या तारखा पाहून मधले दिवस मोजावेत आणि एकूण युनिटना त्या दिवसांनी भागावे. एक रीडिंग २८ दिवसांनी आणि पुढचे ३४ दिवसांनी घेतले गेले असेल, तर वापर तसूभरही न वाढता बिल वाढलेले दिसते. बिलावर मागील महिन्यांच्या वापराचे आकडे छापलेले असतात. ते बहुतेक जण पाहत नाहीत, पण या शोधातील तोच पहिला पुरावा आहे.

'स्लॅब चढला म्हणून सगळे बिल वाढले' हे वाक्य आमच्या सोसायटीत दर हिवाळ्यात ऐकू येते आणि ते चुकीचे आहे. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे टप्पे आहेत, पण वापर ३१९ युनिट झाला तर तिसऱ्या टप्प्याचा दर फक्त वरच्या १९ युनिटना लागतो, आधीच्या ३०० युनिटना त्यांच्या त्यांच्या टप्प्याचेच दर लागतात. याचा व्यवहारातील अर्थ असा की वाचवलेले युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातून वजा होते, आणि त्यावरचे १६ टक्के वीज शुल्कही त्याबरोबरच वाचते.

न्याय्य वाढ किती, ते कागदावर काढावे

हिवाळ्यात पाणी तापवायला जास्त वीज लागणारच, पण ती किती जास्त लागावी याचा हिशेब शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राने होतो. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि एका युनिट विजेपासून ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणून लिटर गुणिले अंश भागिले ८६० इतकेच सूत्र लक्षात ठेवावे.

आमच्याकडे जानेवारीत सकाळी सात वाजता गच्चीवरील टाकीचे पाणी १६ अंश होते. अंघोळीचे पाणी ४० अंश लागते आणि दीड बादली म्हणजे साधारण २८ लिटर वापरले जाते. यावरून एका अंघोळीला ०.७८ युनिट आणि चौघांना ३.१ युनिट लागतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तेच पाणी २४ अंश होते आणि २२ लिटरमध्ये काम भागत होते, म्हणजे चौघांना मिळून १.६ युनिट पुरत होते. फरक रोजचा दीड युनिट, महिन्याचा ४५. इतकी वाढ थंडीची आहे, ती निमूटपणे भरावी. उरलेल्या १०६ युनिटना मात्र थंडी जबाबदार नव्हती.

बादलीऐवजी शॉवर वापरणाऱ्या घरांत हा आकडा वेगळा येईल. शॉवरमधून मिनिटाला आठ लिटर पाणी पडत असेल, तर दहा मिनिटांच्या अंघोळीला ८० लिटर, म्हणजे वरच्याच हिशेबाने सव्वादोन युनिट एकट्याला लागतात. अशा घरांत दोष शोधण्यापूर्वी शॉवरखाली बादली ठेवून ती किती मिनिटांत भरते ते पाहावे, कदाचित उत्तर तिथेच मिळेल.

मीटरसमोर उभे राहावे

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० इम्पल्स प्रति युनिट असे काहीतरी छापलेले असते. एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजावे, त्याला ६० ने गुणावे आणि छापलेल्या आकड्याने भागावे, म्हणजे त्या क्षणी घर किती किलोवॉट ओढत आहे ते कळते. एका रात्री अकरा वाजता घरातील रोज बंद होणारी सर्व बटणे बंद करून, फ्रीजचा प्लगही काढून, मी जिन्याखालच्या मीटरच्या पेटीसमोर टॉर्च घेऊन बसले. शेजारच्या काकांनी वरून "काय हरवलंय?" असे विचारले, त्यांना काय सांगावे ते सुचले नाही. आमच्या ३२०० च्या मीटरवर दिवा मिनिटाला दोनदा लुकलुकत होता, म्हणजे ३७ वॉट. सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि इन्व्हर्टरचे चार्जिंग यांचा हा वापर होता. महिन्याला २७ युनिट, आणि तेही बारा महिने. सेट-टॉप बॉक्सचे मुख्य बटण रात्री बंद करण्याची सवय तेव्हापासून लागली, पण जानेवारीच्या फुगवट्याचा तो चोर नव्हता.

मग फक्त गिझर चालू केला. आमचा गिझर २५ लिटरचा आणि २००० वॉटचा आहे. पाणी पूर्ण तापून त्याचा दिवा बंद झाल्यावर घरातील सर्व नळ बंद ठेवून, घड्याळ समोर घेऊन दोन तास केवळ त्या दिव्यावर लक्ष ठेवले. कोणीही थेंबभर पाणी न वापरता तो दर तासाला सुमारे तीन मिनिटे पेटत होता. २००० वॉटची तीन मिनिटे म्हणजे एक दशांश युनिट. टाकीच्या भिंतींतून निघून जाणारी उष्णता भरून काढण्यासाठी गिझर हे करत होता, आणि आमच्याकडे हिवाळ्यात तो पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत चालूच असे. अठरा तासांचे १.८ युनिट, महिन्याचे ५४.

तो चालू का असे, याचे कारण सासूबाईंनी सहज सांगितले. "अगं, नळ उघडला की आधी गारच येतं, भांडी घासताना हात आखडतात, म्हणून बंद नाही करत." त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. गिझर न्हाणीघरात आणि स्वयंपाकघराचा नळ तिथून नऊ मीटर लांब नळीवर आहे. त्या नळीत सुमारे दोन लिटर पाणी मावते. नळ उघडल्यावर ते दोन लिटर गार पाणी वाहून जाते, गरम पाणी पोहोचते तोवर दोन वाट्या धुऊन होतात आणि नळ बंद केल्यावर नळीत भरलेले गरम पाणी तिथेच निवते. दिवसातून आठ वेळा असे झाले की १६ लिटर तापवलेले पाणी कोणाच्याही हाताला न लागता थंड होते. आमच्या गिझरमधील पाण्याच्या तापमानाने हिशेब केला तर रोजचा एक पूर्ण युनिट येतो. मला या संपूर्ण शोधात सर्वांत जास्त आश्चर्य याच आकड्याचे वाटले, कारण नळी कुठेही फुटलेली नव्हती.

तिसरी गोष्ट न्हाणीघरातील गार-गरम पाण्याच्या मिक्सर नळाची. त्याचा गरम बाजूचा नळ पूर्ण आवळला तरी ठिबकत असे आणि थेंब थेंब म्हणून आम्ही ते सोडून दिले होते. खाली एक मग ठेवून पाहिले तर तासाला अर्धा लिटर पाणी जमले. गिझर चालू असण्याच्या अठरा तासांत नऊ लिटर, म्हणजे महिन्याला सतरा-अठरा युनिट. आतील वॉशर बदलायला प्लंबरला दहा मिनिटे लागली. हे तिन्ही आकडे मिळवले की शंभराच्या आसपास बेरीज होते, आणि आम्ही शोधत होतो १०६.

थर्मोस्टॅट खरे बोलतो का

गिझरच्या खालच्या बाजूला तापमानाचा खटका असतो आणि आमचा ६० वर होता. गिझरचा दिवा विझल्यावर लगेच मगभर पाणी काढून त्यात स्वयंपाकघरातील थर्मामीटर बुडवला, तर काटा ७४ वर गेला. थर्मोस्टॅट जुना झाला किंवा त्याच्या नळीवर क्षारांचे जाड पुट चढले, की त्याला पाण्याचे खरे तापमान उशिरा कळते. पाणी जितके जास्त तापते तितकी टाकीतून उष्णता वेगाने जाते: खोलीचे तापमान २० अंश धरले तर ७४ ऐवजी ५५ अंशांवर ठेवलेल्या पाण्यातून सुमारे एक तृतीयांश गळती कमी होते. शिवाय ७४ अंशांच्या पाण्याने लहान मुलाचा हात भाजू शकतो, तो मुद्दा बिलापेक्षा मोठा आहे.

क्षारांबद्दल इथे थोडे विषयांतर करते. 'कॉइलवर क्षार बसले की वीज दुप्पट लागते' असे गिझर दुरुस्त करणारे बहुतेक सर्व जण सांगतात. कॉइल पाण्यात बुडालेली असते, त्यामुळे तिच्यातून निघालेली उष्णता शेवटी पाण्यातच जाते, तिला जायला दुसरी जागा नाही. क्षारांमुळे खरे नुकसान होते ते असे की उष्णता बाहेर पडायला वेळ लागल्याने कॉइल स्वतः जास्त तापते आणि लवकर जळते, टाकीतील पाण्याची जागा कमी होते आणि थर्मोस्टॅट फसतो. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करून घ्यावी, हे योग्यच आहे, आणि त्याच वेळी आतील मॅग्नेशियमचा दांडा झिजला असेल तर तोही बदलावा, कारण तो टाकीच्या पत्र्याऐवजी स्वतः गंजून टाकीचे आयुष्य वाढवतो. आमच्या टाकीतून दोन ओंजळी भरतील इतके पांढरे खडे निघाले.

हे काम स्वतः करू नये. एमसीबी पाडून, इलेक्ट्रिशियनला बोलावूनच करावे. पाण्याला किंवा नळाला हात लावताना बारीकसाही झटका जाणवला तर गिझर त्याच क्षणी बंद करावा, बिलाची चौकशी नंतर होईल. घराच्या वितरण पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका) नसेल तर या सर्व खर्चांत त्याचा क्रमांक पहिला लावावा.

काय बदलले, काय बदलले नाही

थर्मोस्टॅट नवीन बसवला, खटका ५५ वर आणला आणि गिझर चालू-बंद करण्याच्या वेळा ठरवल्या. ५५ अंशांवर एका टाकीत दीड जणाची अंघोळ होते, त्यामुळे चौघांच्या अंघोळी सलग झाल्या तर पावणेदोन तासांत काम आटोपते. अंघोळी सकाळी सहा, आठ आणि दहा अशा विखुरल्या की मधल्या वेळी टाकी राखून ठेवण्याचा खर्च पुन्हा सुरू होतो. शेवटची अंघोळ झाल्यावर गिझर बंद करून टाकीत उरलेले गरम पाणी झाकणाच्या मोठ्या डब्यात काढून ठेवतो आणि सकाळची भांडी त्यातच होतात. खटका ५० च्या खाली नेऊ नये. काही दिवस बंद असलेल्या घरात टाकीत साचलेले कोमट पाणी जंतूंना पोषक असते, म्हणून गावाहून परतल्यावर पहिल्यांदा पाणी ६० अंशांपर्यंत तापवून मगच वापरावे.

गिझर बदलावा का, असा प्रश्न साहजिक येतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकित लेबलवर साठवणीच्या गिझरसाठी २४ तासांत टाकीतून किती युनिट उष्णता निघून जाते तो आकडा छापलेला असतो. ताऱ्यांपेक्षा तो वाचावा. पण जो गिझर दिवसातून दोन तासच चालू असतो, त्याला ही गळती फार थोडा वेळ भोगावी लागते, म्हणून पाच ताऱ्यांच्या गिझरचा फायदा त्याला चालूच ठेवणाऱ्या घरांना जास्त होतो. आमचा जुना गिझर आम्ही तसाच ठेवला. तात्काळ पाणी देणाऱ्या तीन लिटरच्या गिझरला साठवणीची गळती जवळजवळ नसते, मात्र ३००० वॉटचा असूनही आमच्या जानेवारीच्या पाण्याला तो ४० अंशांपर्यंत नेताना मिनिटाला जेमतेम पावणेदोन लिटर देईल, म्हणजे अंघोळीच्या पाण्यासाठी पंधरा मिनिटे थांबावे लागेल. भांड्यांच्या नळावर तो उत्तम. हवेतील उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप साधारण एक तृतीयांश विजेत तेच काम करतो, पण चौघांच्या घराला त्याची किंमत वसूल व्हायला बराच काळ जातो.

गॅस गिझरबद्दल एकच सांगते. तो न्हाणीघराच्या आत बसवू नये, कोणी कितीही आग्रह केला तरी. बंद जागेत त्याच्या ज्वलनातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणसे दगावली आहेत. आजीच्या घरचा तांब्याचा बंब अंगणात असे, त्याला कारण होते.

ज्यांच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहे आणि तरीही हिवाळ्यात बिल वाढते, त्यांनी दोन ठिकाणी पाहावे. ढगाळ दिवसांसाठी टाकीत बसवलेली विजेची कॉइल अनेकदा एकदा चालू केल्यावर कोणी बंदच करत नाही आणि ती रात्रभर पाणी तापवत राहते. दुसरे म्हणजे ज्या मिक्सरच्या पुढे स्वतंत्र बंद होणारा हातशॉवर आहे, तिथे मिक्सर उघडा आणि पुढचा खटका बंद असे राहिले तर गार आणि गरम पाण्याच्या नळ्या आतल्या आत जोडल्या जातात आणि जास्त दाबाचे पाणी दुसऱ्या नळीत शिरते. सोलरचे पाणी कोमट येते म्हणून यंत्राला दोष दिला जातो, आणि दोष त्या उघड्या मिक्सरचा असतो.

फुगवटा जानेवारीचा नसून एप्रिल-मेचा असेल तर शोधाची दिशा वेगळी ठेवावी. साधा छताचा पंखा ७० ते ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरचा) पंखा ३० च्या आसपास, आणि दिवसाला पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. फ्रीजच्या दाराच्या रबरात दहा रुपयांची नोट अडकवून दार लावावे, नोट सहज ओढली गेली तर रबर बदलावे. हिवाळ्याच्या बिलासाठी मात्र फ्रीजवर संशय घेऊ नये, थंडीत त्याचा वापर उलट कमी होतो.

पुढच्या वर्षी आमचा नोव्हेंबर १७१ युनिटचा आणि जानेवारी २३२ चा झाला. ६१ युनिटच्या फरकातील ४५ थंडीचे आहेत. उरलेल्या सोळांपैकी बरेचसे त्या नऊ मीटरच्या नळीचे असावेत, कारण संध्याकाळच्या भांड्यांना सासूबाई अजून गिझर लावतात. नळी बदलायची तर स्वयंपाकघराच्या टाइल्स फोडाव्या लागतील, आणि त्या खर्चापुढे सोळा युनिट आम्ही सध्या सोडून दिले आहेत.